गोगलगाय व्हर्सेस लांडगा

माझ्या भाच्याला सध्या यूट्यूबवर ते 'कौन जीतेगा' टाइपचे व्हिडिओ बघायचं वेड लागलंय. वाघ की सिंह, गोरिला की अस्वल, मगर की शार्क, आणि खाली हजारो लोक एकदम सिरियसली भांडत असतात. सगळ्या जोड्या बहुतेक बघून संपल्या असाव्यात, कारण परवा जेवताना तो म्हणाला, "मावशी, पानीवाला स्नेल और भेडिया, बता कौन?" सगळे हसले, ताई म्हणाली आधी ती भाजी संपव. आमच्या ग्वाल्हेरची मुलं अशीच बोलतात, अर्धं मराठी अर्धं हिंदी, आम्ही पण काही वेगळे नव्हतो, तर ते असो. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. बीएस्सीला झूऑलॉजी घेऊन नंतर सगळं आयुष्य इन्शुरन्सच्या फायलींत घालवलेल्या बाईला असा प्रश्न कोण विचारतं हो!

गोगलगायीशी माझी ओळख जुनी. आमच्या प्रॅक्टिकलला पायला ग्लोबोसा असायची, म्हणजे तळ्यातली ती मोठी, गोल, हिरवट-तपकिरी शंखाची गोगलगाय. लॅबवाले काका बादलीतून आणायचे, तळाशी चिखल आणि सगळ्या जणी झाकण लावून बसलेल्या. झाकण म्हणजे खरंच झाकण, पायाच्या मागच्या बाजूला चिकटलेली टणक चकती, तिला ऑपरक्युलम म्हणतात, जरा धोका वाटला की अंग आत ओढायचं आणि दार बंद. उन्हाळ्यात तळं आटलं की ही चिखलात खाली जाते आणि ते दार लावून महिनोन्महिने पडून राहते, खाणं नाही पिणं नाही, पाऊस आला की उठते. ग्वाल्हेरचा मे महिना ज्याने काढलाय, पारा पंचेचाळीसच्या वर आणि दुपारी ती लू, त्याला यातलं शहाणपण वेगळं समजवायला नको.

तिची श्वास घ्यायची व्यवस्था पण डबल. उजव्या अंगाला कल्ला, डाव्या अंगाला फुप्फुस. पाण्यात ऑक्सिजन असला तर कल्ल्यावर भागतं, पाणी सडलं तर एक नळी वर काढून सरळ हवा ओढते, आणि कंटाळा आला तर चालत दुसऱ्या डबक्यात. मग ते रॅड्युला माउंट! जिभेच्या जागी दातांची एक पट्टी असते, ती पोटॅशमध्ये उकळून, धुऊन, रंग देऊन स्लाइडवर पसरायची, आणि नीट जमलं तर मायक्रोस्कोपखाली दर ओळीत सात असे दातच दात, ओळीमागून ओळी. शेवाळं नि पानं खरवडून खरवडून पुढच्या ओळी झिजतात आणि मागून नव्या तयार होऊन पुढे सरकत राहतात, जन्मभर. शिवाय लहानपणीच तिच्या अंगाला अर्धा फेरा बसतो त्यामुळे शरीराचं मागचं टोक फिरून डोक्यापाशी येतं, म्हणजे नको ती गोष्ट डोक्यावर, आणि मॅडमनी हे शिकवलं तेव्हा मागच्या बाकांवर जो हशा झाला तो आठवून मला अजून हसू येतं. पुढे यूजीसीने डिसेक्शन बंद करायला लावलं, बरंच झालं, पण आताच्या पोरांनी ती बादली बघितली नाही याचं थोडं वाईट पण वाटतं.

लांडग्याचे दात ४२. सुळा तुटला की तुटला, दुसरा येत नाही, आणि हरीण-बकरी धरणाऱ्या जनावराला सुळा तुटणं म्हणजे काय हे सांगायला नको. मला दोघांतला खरा फरक इथेच दिसतो. लांडगा म्हणजे सगळं पणाला लावलेलं आयुष्य, प्रत्येक शिकारीत लाथ बसू शकते, शिंग लागू शकतं, रात्रभर मैलोगणती चालून हाताला काही लागेलच असं नाही. आपला भारतीय लांडगा तसा थोराड नाही, वीस किलोच्या आगेमागे, अंगावर विरळ केस, पाय लांब. विंग्रजी सिनेमात बर्फात उभा असतो तो झुपकेदार लांडगा डोक्यात ठेवून बघाल तर हा समोर येऊन उभा राहिला तरी ओळखणार नाही. एका हिवाळ्यात आम्ही पहाटे शिवपुरीला निघालो होतो, घाटीगावच्या पुढे एक जनावर रस्ता ओलांडून गेलं, मध्येच थांबून आमच्याकडे एकदा बघितलं, घाई काही नाही, आणि झुडपांत गेलं. ड्रायव्हर म्हणाला, "कुत्ता है मॅडम." पण कुत्रा असा बघत नाही. कुत्रा माणसाकडून काहीतरी मिळेल म्हणून बघतो, याने आम्ही किती लांब आहोत तेवढंच बघितलं. तरी ड्रायव्हरला दोष नाही, मोकळ्या माळावर दुरून बघितलं तर फरक खरंच कळत नाही, आणि आता तर जनुकांतही कळेनासा व्हायला लागलाय. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि गावकुत्रा यांचा संकर झाल्याचा पुरावा मिळालाय.

या भारतीय लांडग्याचं शास्त्रीय वर्णन १८३१ मध्ये कर्नल साइक्सने केलं, ते दख्खनमधल्या लांडग्यांवरून. त्याने दिलेलं पॅलिपेस हे नाव अजून चालतं. अलीकडे जनुकं तपासणाऱ्यांनी सांगितलं की लांडग्यांच्या आज जिवंत असलेल्या शाखांमध्ये ही फार जुनी शाखा आहे, युरोप-अमेरिकेतल्या लांडग्यांपासून कधीच वेगळी झालेली. म्हणजे शिवपुरी रोडवरच्या मोहना गावाच्या झुडपांत फिरणारा तो किरकोळ दिसणारा प्राणी हा फार जुन्या घराण्यातला आहे, आणि आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, घराणं या विषयावर बोलायला लोकांना किती आवडतं ते तुम्हाला माहीतच आहे, दर दुसऱ्या घरात महादजींबरोबर आलेला कोणीतरी निघतोच.

बरं, लांडगा एकटा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्याला कुटुंब लागतं. हे अल्फा-बिल्फाचं जे खूळ आहे ना, माझ्या भाच्याच्या फोनवर पण ते रील्स असतात, चष्मा घातलेला माणूस नि मागे लांडगा नि खाली 'अल्फा', त्याची गंमत सांगते. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या माणसाने स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका पिंजऱ्यात, मग भांडणं होणारच, त्यातून ही सत्तेची उतरंड आली. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० मध्ये ते पुस्तकातून लोकप्रिय केलं आणि १९९९ मध्ये त्यानेच लिहिलं की जंगलातली टोळी म्हणजे साधं कुटुंब असतं, आई, बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे अल्फा म्हणजे फक्त आईबाप. भाच्याला हे सांगितलं तर त्याने असं तोंड केलं की जणू मी त्याचा वायफाय बंद केला.

गोगलगायीचं बरोबर उलट. पायलामध्ये नर-मादी वेगळे असतात, पण ताईच्या फिश टँकमध्ये झाडांबरोबर फुकट आलेल्या त्या इवल्या ब्लॅडर स्नेल बघा. त्यांच्यात प्रत्येक जण नर पण आणि मादी पण, जोडीदार मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर स्वतःच स्वतःची अंडी फळवते. एकच आत आली तरी महिन्या-दोन महिन्यांत काचेवर सगळीकडे. ताई रोज एक एक वेचून टाकते आणि दुकानदार म्हणतो, "मॅडम, ये खतम नहीं होते." मूळची ही जात उत्तर अमेरिकेतली मानतात. तिथून जगभर गेली, कुणी पाठवली नाही, कुणी थांबवली नाही. आपल्याकडे 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणतात ते उगाच नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाचं जे उत्तर इंटरनेटवर मिळतं ते असं. २०१४ मध्ये बिल गेट्सने एक चार्ट टाकला होता, कुठला प्राणी वर्षाला किती माणसं मारतो. डास अर्थात पहिला. त्यात गोड्या पाण्यातली गोगलगाय १०,००० आणि लांडगा १०. झालं, गोगलगाय जिंकली, व्हिडिओ संपला. भाचा खूश झाला, मला मात्र हा हिशोब फसवा वाटतो. गोगलगाय कोणाला चावत नाही. शिस्टोसोमा नावाच्या चपट्या कृमीला माणसात शिरण्याआधी गोगलगायीत राहावं लागतं, तिच्यात शिरतो एक आणि बाहेर पडतात हजारो, ते पाण्यात पोहत कातडीतून माणसात शिरतात. बहुतेक त्रास आफ्रिकेत आहे. पण आपल्याकडे पण एक गाव आहे, रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी, गुहागर तालुक्यात. तिथे १९५० च्या दशकात लोकांच्या लघवीतून रक्त जाण्याचं कारण शोधताना हाच प्रकार सापडला, आणि संशय गेला तो टोपीसारख्या शंखाच्या एका चिमुकल्या गोगलगायीवर. कोकणातल्या ओढ्यात दगडाला चिकटलेली ती, नखाएवढी पण नाही, तिचं नाव गावात कोणाला माहीत असणार!

आणि त्या कृमीने गोगलगायीचं काय केलं ते चार्टमध्ये नसतं. आत शिरलेला कृमी बहुतेक वेळा तिची जननेंद्रियं निकामी करून टाकतो, तिची अंडी घालायची सगळी ताकद स्वतःची पिल्लं वाढवायला वापरतो. म्हणजे ती गुन्हेगार कमी आणि पहिली पेशंट जास्त. लांडग्याचं पण कधी कधी असंच होतं, गावकुत्र्यांकडून रेबीज होतो आणि मग तो दिवसाढवळ्या गावात शिरून दिसेल त्याला चावतो. पण सगळंच रेबीजवर ढकलून मी लांडग्याला साधू ठरवणार नाही. १९९६ मध्ये उत्तर प्रदेशात प्रतापगड, जौनपूर, सुलतानपूरच्या भागात कितीतरी लहान मुलं गेली, २०२४ मध्ये बहराइचला पुन्हा तेच, अंगणात झोपलेली मुलं उचलून नेली. त्या आयांना दहाचा आकडा दाखवायची माझी हिंमत नाही. तरीही इंग्रजांनी १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षीस लावून दोन लाखांच्या आसपास लांडगे मारवले, ते काही दोन लाख नरभक्षक नव्हते.

अजून एक अडचण आहे. लांडगा ही एक जात आहे, भारतापासून अलास्कापर्यंत रंग, केस, आकार बदलतो पण प्राणी तोच. गोड्या पाण्यातली गोगलगाय ही एक जात नाहीच, साधारण ४,००० वेगवेगळ्या जाती आहेत. एखादी सगळीकडे पोचलेली, आणि एखादी एकाच झऱ्यात, दुसरीकडे कुठेच नाही. आपल्या सह्याद्रीतच क्रेम्नोकॉन्कस म्हणून आहे. तिचं खानदान समुद्रातलं, किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटून राहणाऱ्यांचं, आणि ही घाटातल्या धबधब्याच्या शिंतोड्यांनी ओल्या राहणाऱ्या उभ्या कड्यावर राहते, घाटातल्या मोजक्या ठिकाणीच. ब्लॅनफर्ड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने ती १८६० च्या दशकात नोंदवली. लोणावळ्या-खंडाळ्याला दर पावसाळ्यात लाखो लोक धबधब्याखाली उभं राहून सेल्फी काढतात आणि मागच्या दगडावर काय आहे ते कोणी वळून बघत नाही. अमेरिकेत अलाबामामध्ये कूसा नावाची नदी आहे, तिच्यावर एकामागून एक धरणं झाली आणि गोगलगायींच्या तिसाहून जास्त जाती कायमच्या गेल्या. लांडग्याची एक उपजात गेली तर केवढं रडतो आपण.

मोजणीत पण तोच प्रकार. भारतात सुमारे ३,१०० लांडगे असावेत असा अंदाज वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटच्या लोकांनी काढला, त्यात मध्य प्रदेश सगळ्यात वर. आमच्याकडे कोणाला पत्ता नाही. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते विमानाने आले ते आधी ग्वाल्हेरला उतरले आणि मग हेलिकॉप्टरने कुनोला गेले, त्या दिवशी सगळं शहर आकाशाकडे बघत होतं, बाड्यावर, म्हणजे आमच्या मोठ्या चौकात, कचोरीच्या ठेल्यापाशी पण तोच विषय. चित्त्यांना नावं दिली, त्यांच्या पिल्लांच्या बातम्या अजून येतात. त्याच कुनोत लांडगे आधीपासून आहेत, त्यांना कोणी नाव दिलं नाही. मी चित्त्यांच्या विरोधात नाही हां, सुंदर आहेत, फक्त पाहुण्यांचं कौतुक करताना घरातल्या माणसाला चहा पण विचारू नये हे मला खटकतं.

पण दोघांना एकत्र बघायचं असेल तर माझ्या मते चार्ट नको, सरकारचा वेस्टलँड अॅटलस काढावा. म्हणजे देशातल्या निरुपयोगी जमिनीचा नकाशा. त्यात प्रकार दिलेत, झुडपी जमीन, घळी पडलेली म्हणजे आमच्याकडचे चंबळचे बीहड, आणि त्याच यादीत पाणथळ, दलदलीची जमीन. वाचताना मी तिथेच थांबले. झुडपी माळ आणि बीहड म्हणजे लांडग्याचं घर, तिथल्याच मातीच्या घळींत तो हिवाळ्यात पिल्लं घालतो. दलदल म्हणजे गोगलगायीचं घर. दोघं एकाच यादीत, एकाच शिक्क्याखाली. मग बीहड बुलडोझरने सपाट करून मोहरी लावली की तो विकास, आणि तलाव बुजवून प्लॉट पाडले की तोही विकास. घाटीगावला १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य केलं होतं, आम्ही त्याला सोनचिरैया म्हणतो, आता तिथे सोनचिरैया नाही, अभयारण्याच्या नावात तेवढी राहिलीय. शहरात बैजाताल आणि कटोराताल वाचले ते राजवाड्याजवळचे म्हणून. बाहेरच्या बाजूला ज्या तळ्यांतून शिंगाडे यायचे त्यातली काही आता कॉलन्या आहेत, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी भरतं तेव्हा लोक नगर निगमला शिव्या देतात.

हे सगळं डोक्यात असताना मागच्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्याच शिवपुरी रोडने गेलो. घाटीगावच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर थांबलो, शेजारी मेंढ्यांचा मोठा कळप आणि एक म्हातारे गडरिया बाबा बिडी ओढत बसलेले. मला काही राहवेना, मी विचारलं इथे भेडिया आहे का. "है ना, क्यों नहीं है," जणू मी पोस्टमन आहे का विचारलं. वर्षाला दोन-चार कोकरं जातात म्हणाले. कुत्रे ठेवलेत, रात्री काट्याचं कुंपण करतात, तरी जातात. चिडलेले वाटले नाहीत, हिशोबात धरलेलं दिसलं.

मग मी खालच्या तळ्याकडे बोट दाखवलं, पावसानंतरचं छान हिरवंगार गवत होतं कडेला, म्हटलं इथे का नाही चारत, घराजवळ, भेडियाची पण भीती कमी. ते हसले. म्हणाले पावसानंतर त्या गवतावर एक दिवस पण मेंढ्या सोडायच्या नाहीत, "गले में थैली लटक जाती है," आधी जबड्याखाली सूज, मग जुलाब, मग बसते ती उठत नाही, एका साली अर्धा कळप गेला होता. माझ्या बीएस्सीतलं सगळं एकदम जागं झालं. लिव्हर फ्लूक, तळ्यातल्या गोगलगायीतून बाहेर पडून काठच्या गवताला चिकटून बसतो आणि गवताबरोबर मेंढीच्या पोटात जातो. त्यांना कृमीचं नाव माहीत नव्हतं पण कुठलं तळं, कुठला महिना, काठापासून किती लांब राहायचं, सगळं पाठ. मी त्यांना विचारलं, पाण्यातला घोंघा बघितलाय का. "वो तो रहता ही है पोखर में," म्हणाले, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, मी पण मग फ्लूकचं लेक्चर दिलं नाही. जनावरांच्या डॉक्टरकडून औषध आणून पाजतात, पण औषधाचे पैसे लागतात आणि डॉक्टर लांब.

मग पावसानंतर मेंढ्या कुठे नेता? त्यांनी बिडीनेच वर दाखवलं, रस्त्याच्या पलीकडे, दगड नि करवंदीची झुडपं नि उघडा माळ, जिथे मला ते जनावर दिसलं होतं त्याच बाजूला. तिथे गवत कमी आहे पण कोरडं आहे. म्हटलं, तिथे तर भेडिया.

"हाँ," म्हणाले, "वहीं रहता है." आणि कळप उठवायला लागले.